हाडाचा कर्करोग आणि रक्ताची तपासणी : काय कळते, काय कळत नाही

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला लोकांच्या सुखदुःखाची बातमी फार लवकर लागते. मुलीचे लग्न, विहिरीचे काम, घरातील आजारपण, यांपैकी काहीही निघाले की मुदत ठेवीची पावती कपाटातून बाहेर येते. काही वर्षांपूर्वी टोमॅटोचा हंगाम संपता संपता जुन्नर तालुक्यातील एक शेतकरी अशीच पावती घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. मुदत पुरी व्हायला चार महिने बाकी होते. आम्ही सवयीप्रमाणे म्हटले, "दादा, आत्ता मोडली तर व्याजाचे नुकसान होईल."

ते म्हणाले, "व्याजाचं राहू द्या साहेब. पोराच्या रक्ताची तपासणी करायचीय. केमो लागू पडणार का नाही ते आधीच कळतं म्हणे. पडणार नसंल तर पोराला उगीच कशाला तरास द्यायचा?"

मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत शिकणारा. मांडीच्या हाडाला, गुडघ्याच्या जरा वर, गाठ आलेली. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑस्टिओसार्कोमा असे निदान करून केमोथेरपी लगेच सुरू करा, असे सांगितले होते. दरम्यान कोणी एका मध्यस्थाने या महागड्या तपासणीचे नाव त्यांच्या कानावर घातले होते. पैशापेक्षाही त्या तपासणीत जाणारे दिवस आम्हाला खटकले. आम्ही त्यांना पावती दोन दिवस घरीच ठेवायला सांगितली आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे चौकशी केली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. शास्त्राशी आमचा संबंध दहावीनंतर सुटलेला. तरीही त्या दोन दिवसांत जे समजले आणि त्यानंतर जे वाचत गेलो, ते मंडळाच्या सभासदांना आणि विद्यार्थ्यांना सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. उपचाराचा सल्ला डॉक्टरांनीच द्यायचा. आमचे काम फक्त समजावून सांगण्याचे.

हा आजार कोणता?

कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग येतो. ऑस्टिओसार्कोमा त्याहून अगदी वेगळा. तो हाडातच सुरू होतो आणि बहुतेक वेळा दहा ते वीस या वाढीच्या वयात येतो. गुडघ्याच्या वर मांडीचे हाड, गुडघ्याखाली नडगीचे हाड आणि खांद्याजवळ दंडाचे हाड, या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. म्हणजे ज्या ठिकाणी हाड सर्वांत वेगाने वाढते तेथेच तो जास्त दिसतो. यात मुलाचा दोष नसतो, आईवडिलांचाही नसतो. कबड्डीत लागलेल्या मारामुळे तो होत नाही. मार लागल्याने फक्त आधीपासून असलेल्या दुखण्याकडे लक्ष जाते.

आजार दुर्मिळ आहे. जगात दरवर्षी दहा लाख लोकांमागे साधारण तीन-चार जणांना तो होतो, असे मानतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून सहा लाखांवर होती. या हिशेबाने दोन्ही तालुक्यांत वर्षाला एक-दोन रुग्ण निघतील. म्हणून गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईने घाबरून जाऊ नये. पण तो एक-दोनांतला मुलगा आपल्या वाडीवरचा असू शकतो, हेही विसरू नये. आजार इतका विरळ असल्यामुळेच तो लवकर ओळखला जात नाही.

केमोथेरपी कशासाठी?

त्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न हाच होता. गाठ पायात आहे, तर औषध सगळ्या अंगात कशाला? प्रश्न रास्त आहे. पूर्वी डॉक्टरही फक्त पाय कापत. पाय गेला तरी बहुतेक मुले वर्ष-दोन वर्षांत फुप्फुसातील गाठींनी दगावत. कारण पायातली गाठ सापडते तेव्हाच बहुतेकांच्या फुप्फुसात रोगाचे सूक्ष्म कण जाऊन बसलेले असतात. ते क्ष-किरणात दिसत नाहीत आणि शस्त्रक्रियेच्या सुरीला सापडत नाहीत. रक्तातून फिरणारे औषधच तेथपर्यंत पोहोचते.

अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हे स्पष्ट दाखवून दिले. काही रुग्णांवर केवळ शस्त्रक्रिया केली, तर काहींना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीही दिली. दोन वर्षांनी पाहिले, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा १७ जणांत रोग उलटला नव्हता. केमोथेरपी घेतलेल्यांत हेच प्रमाण शेकडा ६६ होते. रोग फुप्फुसात दिसत नसताना उपचार सुरू झाले आणि पुरे झाले, तर आज जगातील मोठ्या रुग्णालयांत शंभरातील साठ ते सत्तर मुले पाच वर्षांनंतर हयात असतात. सर्वत्र रोग पसरल्यावर आलेल्यांत हे प्रमाण तीसच्याही खाली जाते. लवकर येणे म्हणजे काय, ते या दोन आकड्यांवरून कळावे.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. जगात अनेक ठिकाणी या रोगासाठी मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन अशी तीन औषधे देतात. त्यांतील मेथोट्रेक्सेट फार मोठ्या मात्रेत द्यावे लागते आणि दिल्यावर रक्तातील त्याची पातळी वारंवार मोजावी लागते. ही सोय सर्व ठिकाणी नसते, खर्चही वाढतो. म्हणून टाटा रुग्णालयाने मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड या औषधांची स्वतःची पद्धत बसवली. तिला ओजीएस-१२ म्हणतात.

औषध लागू पडले हे कसे कळते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रथम सुमारे अडीच-तीन महिने केमोथेरपी देतात, नंतर शस्त्रक्रिया करून गाठ काढतात आणि त्यापुढे राहिलेली केमोथेरपी पूर्ण करतात. काढलेले हाड पॅथॉलॉजी विभागात जाते. तेथे त्याच्या पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात की, गाठीतील किती पेशी मेल्या आणि किती जिवंत राहिल्या. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट अँड्र्यू हुवॉस यांच्या नावाने ही श्रेणी ओळखली जाते. शेकडा ९० किंवा अधिक भाग मेलेला असेल तर प्रतिसाद चांगला, त्याहून कमी असेल तर अपुरा.

एवढी वर्षे झाली तरी खात्रीचा कौल हाच आहे. तो औषध देऊन झाल्यावरच मिळतो, ही त्यातली मोठी उणीव. परीक्षेचा निकाल परीक्षेनंतर लागतो, तसे हे आहे. पहिल्या दिवशीच बोटभर रक्त घेऊन हा निकाल सांगता आला तर किती बरे होईल, या विचारातून जगभर शोध चालू आहे. निकाल आधी सांगू शकेल अशा रक्तातील खुणेला शास्त्रज्ञ बायोमार्कर म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अपुरा प्रतिसाद म्हणजे मरणाची चिठ्ठी नव्हे. रोग एका जागी असताना उपचार झालेल्या आणि प्रतिसाद अपुरा निघालेल्या रुग्णांतही साधारण निम्मे पाच वर्षांनंतर हयात असतात. नव्वद टक्के मेले नाही म्हणजे काहीच मेले नाही, असा त्याचा अर्थ नाही.

आज होणाऱ्या दोन तपासण्या

उपचाराच्या सुरुवातीला रक्तातील दोन गोष्टी पाहतात : अल्कलाइन फॉस्फटेज आणि एल.डी.एच. दोन्ही तपासण्या साध्या, कमी खर्चाच्या आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणीही होतात.

अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड तयार करणाऱ्या पेशींतून आणि यकृतातून रक्तात येणारे द्रव्य. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी कच्चे हाड तयार करीत असल्यामुळे रोगाचा भार जास्त असेल तर ते वाढते. एल.डी.एच. जवळजवळ सर्वच पेशींच्या आत असते. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते. सुरुवातीला ही दोन्ही द्रव्ये फार वाढलेली असतील तर रोग बळावलेला असण्याची शक्यता अधिक, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. केमोथेरपी सुरू झाल्यावर वाढलेले फॉस्फटेज उतरू लागले तर डॉक्टर ते चांगले लक्षण मानतात.

पण या खुणा किती सहज फसवतात, तेही पाहा. वाढत्या वयाच्या निरोगी मुलाचे फॉस्फटेज मोठ्या माणसापेक्षा जास्तच असते, कारण त्याचे हाड वाढत असते. मोडलेले हाड जुळताना, मुडदूस झाला असताना किंवा यकृताच्या आजारातही ते वाढते. उलट, ऑस्टिओसार्कोमा झालेल्या कित्येक मुलांचे फॉस्फटेज अगदी बेताचे असते. एल.डी.एच.चे तर विचारूच नका. घोडेगावला काढलेल्या रक्ताची नळी गाडीत हिंदकळत पुण्याला गेली आणि वाटेत तांबड्या पेशी फुटल्या, तर आजार न वाढताही आकडा वाढलेला दिसतो. म्हणून एका कागदावरचा एक आकडा पाहून कोणी हर्ष मानू नये आणि खचूनही जाऊ नये. रोग किती आहे याचा अंदाज या तपासण्या देतात. औषध लागू पडेल की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत.

नवे संशोधन कोठवर आले?

२०११ साली अमेरिकेतील ह्यूस्टनच्या संशोधकांनी ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांच्या रक्तद्रवाचे ५४ नमुने तपासले. त्यातील अनेक प्रथिनांची एकत्र मांडणी पाहून, कोणाचा प्रतिसाद चांगला व कोणाचा अपुरा हे बऱ्याच अचूकपणे ओळखता येते, असे त्यांना आढळले. सिरम अमायलॉइड ए हे त्यांतील एक प्रथिन. शरीरात दाह झाला की ते वाढते.

दुसरी वाट रक्तातील डी.एन.ए.ची आहे. गाठीतील पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डी.एन.ए.चे तुकडे रक्तात येतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रोगाच्या ७२ नव्या रुग्णांच्या रक्तात असे तुकडे शोधले, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत ते सापडले. ज्यांच्यात सापडले त्यांचा आजार पुढे अधिक त्रासदायक ठरण्याकडे कल दिसला. म्हणजे खूण आहे, परंतु जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती हाती लागतच नाही.

ही अडचण आपल्या भागातील लोकांना लवकर समजेल. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आपण येता-जाता पाहतो. एकूण तीस तबकड्या मिळून आकाशातून येणारा अतिशय क्षीण संदेश टिपतात. आजूबाजूच्या यंत्रांच्या खरखरीतून तो वेगळा काढण्यातच शास्त्रज्ञांचे सारे कसब असते. रक्ताचेही तसेच आहे. त्यात निरोगी पेशींचे डी.एन.ए. भरपूर असते आणि गाठीचे अगदी थोडे. त्यातून ऑस्टिओसार्कोमात एका रुग्णाच्या गाठीतील बिघाड दुसऱ्याशी जुळत नाही. सर्वांना लागू पडेल अशी एकच खूण सापडत नाही, ती त्यामुळेच.

शिवाय आजार दुर्मिळ असल्याने अभ्यासात रुग्ण थोडे असतात. पन्नास नमुन्यांत जे दिसते ते दुसऱ्या देशातील पाचशे नमुन्यांत दिसेलच, असे नाही. आमच्या कामातील उदाहरण देऊन सांगतो. समजा, शंभरांतील पंच्याऐंशी वेळा बरोबर उत्तर देणारी तपासणी निघाली. ऐकायला ही मोठी गोष्ट वाटते. पण शंभर मुलांत पंधरा उत्तरे चुकली आणि त्यांतील सात-आठ मुलांना औषध लागू पडणार असताना "पडणार नाही" असे सांगितले गेले तर? चुकून परत गेलेला धनादेश दुसऱ्या दिवशी पुन्हा भरता येतो. उपचार न मिळालेल्या मुलाचे तसे नसते.

कळले, पण पुढे काय?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटी कळला. समजा, प्रतिसाद अपुरा आहे हे खात्रीने समजले. तर डॉक्टर वेगळे काय करतील? हाच प्रश्न घेऊन २००५ ते २०११ या काळात १७ देशांत युरामॉस-१ नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यात २,२६० रुग्णांची नोंद झाली. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा प्रतिसाद अपुरा निघाला त्यांच्यापैकी ६१८ जणांचे दोन गट केले. एका गटाला आधीचीच औषधे पुढे चालू ठेवली, दुसऱ्याला आणखी दोन औषधे वाढवून दिली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषधे वाढवून फायदा झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले.

याचा अर्थ आपल्यासाठी फार सरळ आहे. अपुरा प्रतिसाद आधी कळला तरी देण्यासारखा दुसरा सिद्ध झालेला उपचार आज हाती नाही. जी केमोथेरपी आहे, तीच मुलाची खरी आशा आहे. मग ती सुरू न करण्यासाठी किंवा मध्येच सोडण्यासाठी कोणत्याही रक्ततपासणीचा आधार घेणे म्हणजे आपल्या हाताने दार लावून घेणे होय. बायोमार्करचे संशोधन व्यर्थ आहे असे मुळीच नाही. नवी औषधे येतील तेव्हा कोणाला कोणते द्यायचे, हे ठरवायला या खुणाच उपयोगी पडतील. पण संशोधनात नमुना देणे वेगळे आणि पावती मोडून अहवाल विकत घेणे वेगळे. संशोधनासाठी रक्त देताना रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, उलट लेखी संमती घेतात. हा फरक सर्वांनी लक्षात ठेवावा.

ज्या तपासण्या चुकवू नयेत

रक्ताच्या काही तपासण्या मात्र एकदाही चुकवून चालत नाही. प्रत्येक फेरीपूर्वी पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन मोजतात. सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडावर परिणाम होतो म्हणून क्रिएटिनिन पाहतात. मेथोट्रेक्सेट दिले असेल तर त्याची पातळी उतरेपर्यंत रुग्णाला घरी सोडत नाहीत. पुढची मात्रा शरीराला सोसेल का, हे या तपासण्यांवरून ठरते.

केमोथेरपीनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी फार कमी होतात. या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. "अंगात कणकण आहे, गोळी देऊन बघू" असे म्हणू नये. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांतून रात्री वाहन मिळणे किती अवघड आहे ते आपण जाणतो. म्हणून घरात तापमापक ठेवणे आणि वाहनाची सोय अगोदर बोलून ठेवणे, हे औषधाइतकेच गरजेचे आहे.

त्या मुलाचे काय झाले?

पावती मोडली गेली, पण दोन दिवसांनी आणि वेगळ्या कारणासाठी : मुंबईत राहण्या-जेवण्याच्या खर्चाला. केमोथेरपी ठरल्या तारखेला सुरू झाली. मुलगा फार थकला, केस गेले, एकदा तापाने आठवडाभर रुग्णालयात पडून होता. शस्त्रक्रियेत पाय कापावा लागला नाही; खराब हाड काढून धातूचा सांधा बसवला. काढलेल्या हाडाचा अहवाल आला, तेव्हा मेलेला भाग नव्वद टक्क्यांच्या खाली होता. वडील पुन्हा आमच्याकडे आले. "साहेब, म्हणजे ती तपासणी केली असती तर हेच आलं असतं की."

आम्ही म्हटले, "कदाचित आले असते. मग तुम्ही केमो सुरू केली असती का?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नसती केली."

मुलाने उरलेल्या सर्व फेऱ्या पूर्ण केल्या. एक वर्ष वाया गेले तरी दहावी झाला, पुढे बारावीही झाला. जरा लंगडतो. अजून ठरल्या मुदतीने छातीची तपासणी करायला जातो. पुढचे कोणीच सांगू शकत नाही. पण तो आज आहे, आणि दर महिन्याला वडिलांचे पासबुक भरून घ्यायला तोच बँकेत येतो.

सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

मुलाचे हाड दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, सूज वाढत असेल किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तर आधी क्ष-किरण फोटो काढावा. तोपर्यंत चोळणे, शेकणे, हाडवैद्याकडून ताणून बांधणे टाळावे. फोटोत शंका आली तर गाठीचा तुकडा काढण्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, जेथे पुढची शस्त्रक्रिया होणार तेथेच करावी. सुई लावल्याने रोग पसरतो हा समज खोटा आहे. पण चुकीच्या जागी घेतलेल्या छेदामुळे पाय वाचवणे अवघड होऊ शकते, हे खरे आहे.

खर्चाचे नाव काढून कोणी घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्यावे. रेल्वे व एस.टी.च्या भाड्यात कर्करुग्णांना सवलत आहे. मुंबईत दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने आजवर असंख्य कर्करुग्णांना आसरा दिला आहे. २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड संस्था उपचार घेणाऱ्या मुलांना आईवडिलांसह विनामूल्य ठेवून घेते. असे फॉर्म भरताना सुशिक्षित सभासदांनी एक तास दिला, तर एखाद्या घराचे आठवडे वाचतात.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. टाटा रुग्णालयाचे संशोधन केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे आणि ते आपल्यापासून फार दूर नाही. पहिल्याच दिवशी खात्रीचे उत्तर देणारी तपासणी अजून कोणाला सापडलेली नाही. ती शोधणाऱ्यांत जुन्नर-आंबेगावची मुलेमुलीही असावीत. तोवर आपल्या हाती आहे ते करावे : दुखणे लवकर ओळखावे, योग्य ठिकाणी जावे आणि सुरू केलेला उपचार शेवटपर्यंत न्यावा.